एकशे आठवा मांगूर

नावडे गावाच्या खालच्या अंगाला नदीचे पाणी कोणत्या दिवशी कोणत्या रंगाचे असेल, हे सांगता येत नाही. पण कारखान्यांची शेवटची भिंत मागे टाकून, खडी फोडणाऱ्या यंत्रांची धूळ ओलांडून आठ किलोमीटर वर गेले, की तीच नदी डोंगराच्या पायथ्याशी दोन काळ्या कातळांमधून उतरते आणि एका खोल कुंडात विसावते. त्याला देवीचा कोंड म्हणतात. काठावरच्या उंबराखाली शेंदूर ल्यालेली अनघड शिळा आहे, ती देवी; आणि पाण्यात जे खडशी मासे आहेत ती तिची लेकरे, अशी पंचक्रोशीची श्रद्धा. शास्त्राच्या पुस्तकांत या माशाला महाशीर म्हणतात. तांब्यासोन्याच्या झळाळीचे, मोठमोठ्या खवल्यांचे हे मासे स्वच्छ, गार, वाहत्या पाण्याखेरीज कुठेही सुखाने नांदत नाहीत; आणि तसे पाणी दुर्मीळ झाले तसे तेही दुर्मीळ झाले. या नदीत तर त्या एका कोंडाखेरीज त्यांना दुसरे घर उरलेले नव्हते.

कोंडाचा मान वामनतात्यांच्या घराण्याकडे चार पिढ्यांपासून चालत आलेला. देवीला रोज पाणी घालावे, माशांना तांदळाच्या पिठाचे गोळे घालावेत आणि कोंडाचा नेम राखावा, एवढेच त्या मानाचे स्वरूप. नेमही एकच होता. माणसाच्या हाताखेरीज कोणतेही साधन त्या पाण्यात शिरू द्यायचे नाही. जाळे नाही, गळ नाही, घागरसुद्धा नाही. तहानलेल्याने ओंजळीने प्यावे आणि पुढे जावे.

वामनतात्या आता बाहत्तर वर्षांचे होते. त्यांची भाताची खाचरे वसाहतीखाली गेली होती, मिठागरे भरावाखाली गेली होती, आणि डोक्यावरून आता नव्या विमानतळाची विमाने जात होती. या कशाचाही त्यांनी फारसा शोक केला नाही. पहाटे सहाआसनी रिक्षाने रस्त्याच्या टोकापर्यंत जावे, तिथून पायवाटेने कोंड गाठावा आणि काठावरच्या खडकावर बसून पिठाचा पहिला गोळा सोडावा. काळ्याभोर पाण्यातून ती सोनेरी पाठ वर येताना दिसली, की आपण ज्यासाठी जन्मलो ते राखले आहे, असे त्यांना निःशंकपणे वाटे.

फाल्गुनात एक बाई त्यांना शोधत कोंडावर आल्या. राजेश्वरी त्यांचे नाव; पनवेलच्या एका महाविद्यालयात त्या प्राणिशास्त्र शिकवत आणि नद्यांतल्या माशांचा अभ्यास करत. चपला उंबराखाली काढून त्यांनी शिळेला नमस्कार केला, हे तात्यांना आवडले. त्यांनी मूठभर गोळे पाण्यात टाकले आणि अभिमानाने म्हणाले, "मोजा, बाई."

राजेश्वरीबाईंनी मोजले. हातभर लांबीच्या चौदा खडशी गोल फिरत होत्या.

"तात्या, मासे सुरेख आहेत," त्या काठाचे पाणी न्याहाळत म्हणाल्या, "पण सगळे म्हातारे आहेत. यांची पोरं कुठे आहेत?"

"असतील खाली कपारीत. पोरं कदी एका जागी बसतात का?"

"पिल्लं काठाच्या उथळ पाण्यात, गोट्यांमध्ये असायला हवीत. मी सकाळपासून पाहते आहे, एकही नाही." तेवढ्यात कोंडाच्या मधोमध एक चपटे, मिशाळ तोंड वर आले, हवेचा घोट घेऊन लगेच बुडाले. मग दुसरे. मग एकदम चार. "आणि हे कोण?"

"तेही देवीचेच. लोकांनी नवसानं सोडलेले." तात्यांचा स्वर किंचित ताठ झाला. "सांगन्यासारखं हाय ते."

आणि त्यांनी सांगितले. अकरा वर्षांपूर्वी एका सकाळी कोंडावर पांढरी पोटे तरंगताना दिसली होती. वरच्या वळणावर कुणीतरी कसल्याशा रसायनाचा टँकर रिकामा करून निघून गेला होता. तात्यांनी एकेक मासा हातांनी उचलून उंबराखाली पुरला, एक्केचाळीस पुरले. वरच्या झऱ्याच्या तोंडाशी होत्या तेवढ्या खडशी वाचल्या. पूर्वी असे काही झाले, तर पावसाळ्यात खालून नव्या खडशी चढून येत आणि कोंड भरून काढत. पण खालच्या पाण्यात आता बेडूकही टिकत नव्हता, तिथून मासा कुठला येणार? तेव्हा त्या वर्षीच्या चैत्री जत्रेत तात्यांनी सगळ्यांसमोर सांगितले होते, "देवीचं घर ओस पडलंय. यापुढं ज्याचा नवस असेल त्यानं नारळ नको, कोंबडा नको. एक जिवंत मासा आनून सोडा."

लोकांनी ते मनापासून ऐकले. परंतु बाजारात जिवंत मासा मिळतो कुठे? समुद्राचा आणि खाडीचा मासा बर्फावर येतो. पिंपातल्या वीतभर गढूळ पाण्यात दिवसचे दिवस जिवंत राहतो तो एकटा मांगूर, कारण तो वर येऊन हवा पितो. म्हणून प्रत्येक नवस मांगूर घेऊन आला. खाडीच्या माशांची तात्यांना नखशिखान्त ओळख होती. पण हा मासा खाडीचा नव्हता, आणि मरणाच्या दारातून जिवंत येतो म्हणजे देवीचाच असणार, असेच सगळ्यांना वाटले.

राजेश्वरीबाईंनी सगळे ऐकून घेतले. जाताना एवढेच म्हणाल्या, "तात्या, हा आपल्याकडचा मांगूर नाही. हा बाहेरच्या देशातून आलाय, याच्या विक्रीला बंदी आहे. पिल्लांचं काय होतं याचा पुरावा मिळाला, की पुन्हा येईन."

पुरावा आठच दिवसांत मिळाला, आणि तो तात्यांनाच मिळाला. कोंडापासून वीस पावलांवर, धुळीत, एक मांगूर मरून पडला होता. पाणी आटू लागले की हे मासे पोटावर सरपटत दुसरे पाणी शोधायला निघतात. याला वाटेत कावळ्यांनी गाठले होते. तात्यांनी बाईंना फोन केला. त्या आल्या, पळसाच्या पानावर तो मासा ठेवला आणि छोट्या सुरीने त्याचे पोट उघडले. आत बोटाएवढे दोन मासे होते. अर्धवट विरघळलेले, पण त्यांचे खवले शाबूत होते, आणि उन्हात ते तांब्यासोन्यासारखे चमकले.

तात्यांनी पान हातात घेतले. कुणी चुलीवरचे भांडे उचलून हातात द्यावे, तसे ते त्यांना भाजले.

"दर पावसाळ्यात खडशी अंडी घालत असणार," राजेश्वरीबाई हळू आवाजात म्हणाल्या. "पिल्लं होत असणार. आणि हे त्यांना खात असणार. चौदा म्हाताऱ्या संपल्या, की नदी संपली. जाळं टाकून मांगूर काढावे लागतील, तात्या."

"जाळं नाय."

"मग कसे काढायचे?"

"त्ये मना ठाऊक नाय अजून. पन जाळं नाय," तात्या म्हणाले. ती दोन पिल्ले त्यांनी उंबराखाली पुरली आणि हात धुण्यासाठी पाण्याशी वाकले, ते तसेच वाकलेले राहिले. मग ताठ उभे राहून म्हणाले, "मी सांगितलं म्हनून हे झालं, बाई. मीच ते मोडीन."

घरी यशोदाबाई, त्यांच्या पत्नी, वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. सगळे ऐकून घेतल्यावर त्यांनी पहिले वाक्य उच्चारले ते असे: "अकरा वरसं रोज जाऊन बसताव, आनि तुमाला मासा वलखता आला नाय?"

"नाय आला."

"बरं झालं, कबूल तरी करताव." त्यांनी शेंगांची टोपली बाजूला सारली. "आनि जाळं कशाला पायजे? खाडीच्या चिखलात निवट्या मासं आमी बाया कशानं धरत व्हतो? हातानं! गुडग्याएवढ्या चिखलात, पदर खोचून. बिळात हात घालाचा, दम धराचा, आनि मानेमागं पकडाचा. तुमच्या मांगराला काटा हाय का?"

"दोनी बाजूनं."

"खाडीतल्या शिंगाल्यालाबी असतो. त्याला आमी भ्यालो का कदी?"

नेम तात्यांना पाठ होता: हाताखेरीज कोणतेही साधन पाण्यात शिरता कामा नये. म्हणजे हात चालत होता. तो नेहमीच चालत आला होता.

चैत्री पौर्णिमेला जत्रा भरली. उंबराला तोरण लागले, ढोल-ताशे आले, आणि दुपारी वरच्या वळणावर एक टेम्पो येऊन थांबला. त्यात निळी पिंपे होती. टेम्पोच्या पुढे गुलालाने माखलेला कुंदन चालत होता. वामनतात्यांच्या थोरल्या भावाचा मुलगा, उलव्यात इमारती बांधणारा, आवाजाने आणि देहानेही भरभक्कम. त्याच्या नातवाचा जन्म वेळेआधी झाला होता. एकोणतीस दिवस ते मूल काचेच्या पेटीत होते, आणि त्या दिवसांत कुंदनने देवीला एकशे आठ मासे बोलले होते. मूल वाचले. आज ते त्याच्या सुनेच्या, भाविकाच्या, कडेवर टोपडे घालून डोळे मिचकावत होते.

"काका, वाट द्या!" कुंदन लांबूनच ओरडला. "एकशे आठ हायत. निवडून निवडून आनलेत, एकेक दोन-दोन किलोचा!"

तात्या पायवाटेच्या तोंडाशी उभे होते. ते हलले नाहीत. त्यांनी ढोलवाल्याला हात केला. ढोल थांबला, आणि त्या अचानक शांततेत त्यांचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

"कुंदन, पिंपं खाली उतरवू नको. आनि तुमी सगले ऐका. अकरा वरसांमागं मी याच जागी उभं राहून तुमाला सांगितलं, जिवंत मासा आनून सोडा. चुकलं माझं. तुमी आनलात त्यो मांगूर देवीच्या लेकरांना खातो. मी माझ्या डोल्यांनी त्याच्या पोटात बघितली. तुमच्यात कोनाचा दोष नाय. दोष माझा, आनि तो आज मी तिच्यासमोर कबूल करतो."

गर्दीत कुजबुज झाली. कुणी म्हणाले, "आता या वयात काय नवीन काढलं तात्यांनी?" कुणी हसले. एका म्हाताऱ्याने उघडच विचारले, "मंग मान सोडताव का?"

"मान सोडीन, तुमाला पायजे तर," तात्या म्हणाले. "पन आज नाय. आज काम हाय."

कुंदनचा चेहरा गुलालाच्या खालून पांढरा पडला होता. त्याला मानाशी काही घेणे नव्हते. "काका," तो जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाला, "तुमी काय बोलताव? माझा नवस हाय. पोराच्या नावानं बोललोय. नाय फेडला आनि उद्या त्याला काय झालं, तर कोन जबाबदार?"

भाविका पुढे आली. तिने मुलाला छातीशी घट्ट धरले होते. "आजोबा, त्याला काय होनार नाय ना?"

हा प्रश्न येणार, हे तात्यांना आधीच ठाऊक होते. मानकऱ्याचा अधिकार कशाकशापुरता असतो, याचा त्यांनी पंधरा दिवस विचार केला होता, आणि आता त्यांच्या बोलण्यात कंपाचा लवलेशही नव्हता.

"काय होनार नाय. देवीला मासे आना, हे देवीनं सांगितलं नव्हतं, पोरी. ते मी सांगितलं व्हतं. मी सांगितलेलं मीच फिरवतो. कुंदननं एकशे आठ बोललेत, एकशे आठच फेडाचे. घालाचे नायत, काढाचे. जो वर येऊन हवा पितो तो पाहुना, त्याला काढाचा. जो खालीच राहतो तो घरचा, त्याला हात लावाचा नाय. आनि या फिरवन्यात काय पाप असेल, तर ते माझ्या अंगावर. मी हिथं उभा हाय, तिनं मला बघावं."

"काढाचे? जाळ्याशिवाय?" कुंदन जवळजवळ किंचाळलाच. "हातानं कोन काढनार?"

"बाजूला हो, मेल्या," यशोदाबाई म्हणाल्या. त्यांनी लुगड्याचा काष्टा वर खोचला होता. वय अडुसष्ट, पण उथळ पाण्यात त्या अशा उतरल्या, की जणू खाडीचा चिखल त्यांनी कालच सोडला असावा. कपारीपाशी गुडघे टेकले, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि डोळे मिटून घेतले. बराच वेळ काही घडले नाही. मग पाणी एकदम ढवळले, आणि त्यांनी मानेमागे पकडलेला, शेपटी आपटणारा, काळा, बुळबुळीत मांगूर वर उचलला. "हा घ्या एक! आता पुतलाबाय, काय बघतस? तू तर माझ्यापेक्षा बरी व्हतीस निवट्यांना!"

गर्दीत पुतळाबाई नावाची एक वृद्धा होती. तिने आपली पिशवी सुनेच्या हाती दिली आणि ती पाण्यात उतरली. तिच्यामागून आणखी सात-आठ बायका उतरल्या, त्यांच्यामागून पुरुष. ताशा पुन्हा वाजू लागला. कुणी वाजवायला सांगितले, ते कुणालाच कळले नाही.

कुंदन काठावर उभा होता. मग त्याने पांढरी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.

त्याला पहिला मांगूर मिळायला दोन तास लागले, आणि त्याने कुंदनच्या अंगठ्यात काटा मारला. रक्ताची धार लागली. "हात आडवा धर रे, बिल्डर!" यशोदाबाई ओरडल्या. "विटा उचलतस का?" काठावरचे लोक पोट धरून हसले. कुंदनही हसला, आणि पुन्हा वाकला. बायकांनी आपापले मासे त्याच्या नावावर मांडायची तयारी दाखवली, पण तो ऐकेना. नवस त्याचा होता; हात त्याचेच पाहिजेत.

काढलेले मांगूर आणि पिंपांतले एकशे आठ, सगळे राजेश्वरीबाईंनी बोलावलेल्या मत्स्यविभागाच्या माणसांसमोर नदीपासून दूर खड्ड्यात चुना घालून पुरण्यात आले. एका पोक्त गृहस्थाने सुचवून पाहिले, की एवढ्या मोठ्या माशांचा रस्सा वाया कशाला घालवावा. यशोदाबाईंनी त्याच्याकडे एकदाच पाहिले. पुढे त्याने तो विषय काढला नाही.

त्यानंतर महिनाभर रोज कुणी ना कुणी कोंडावर येत राहिले. ज्यांनी पूर्वी मासा सोडला होता, ते स्वतः येऊन एक काढून जात. वैशाखात पाणी आणखी उतरले, कपारी उघड्या पडल्या, आणि मांगरांना लपायला जागा उरली नाही. राजेश्वरीबाई वहीत नोंद करत होत्या. चारशेच्या वर आकडा गेला. मानाचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. कुंदन सकाळी सहाला येई, साडेआठपर्यंत पाण्यात असे आणि तिथूनच कामाच्या जागी जाई. त्याच्या हातांवर काट्यांच्या खुणा उमटल्या. मांगूर कुठल्या खडकाखाली असेल, हे त्याला पाण्याच्या थरथरीवरून कळू लागले.

ज्येष्ठाच्या पहिल्या आठवड्यात तो एकशे सातवर आला, आणि तिथेच थांबला. दोन दिवस कोंडात एकही तोंड वर आले नाही. तिसऱ्या दिवशी तात्या आणि राजेश्वरीबाई सकाळपासून दुपारपर्यंत खडकावर बसले. पाणी स्तब्ध होते. चौदा खडशी सावकाश फिरत होत्या, आणि कुणी हवा प्यायला वर येत नव्हते.

"संपले, तात्या," राजेश्वरीबाई म्हणाल्या.

"काका, पन माझा एक राहिला!" कुंदन कमरेएवढ्या पाण्यातून म्हणाला. "एकशे सातच झालेत. आता एक कुटून आनू?"

"आनाचा नाय, काढाचा," तात्या शांतपणे म्हणाले. "असेल कुटं तरी एकादा. तू बघत ऱ्हा."

भाविका त्या दिवशी मुलाला घेऊन आली होती. परतताना पायवाटेवर तिने तात्यांना विचारले, "आजोबा, एक माफ नाय का होत?"

"होतो. मागितला तर."

"मंग सांगा ना त्यांना."

"तो मागत नाय, तवर मी सांगत नाय," तात्या म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत अशी काही खट्याळ चमक होती, की भाविकाला हसू आवरेना. तिनेही मग सासऱ्याला काही सांगितले नाही.

पावसाळ्यात नदी भरून आली, तेव्हाही कुंदन येत राहिला. पाणी खवळलेले असले, की तो खडकावर छत्री घेऊन बसे आणि पृष्ठभागावर नजर ठेवी. कुणी पिशवीतून मासा आणलेला दिसला, तर तो उठून आडवा जाई. कुणी टाकाऊ पोती धुवायला उतरले, तर तो त्याला वर काढी. तात्यांना एखादे दिवशी बरे नसले, की पिठाचे गोळे तोच मळी. सुरुवातीला फार घट्ट मळत असे, मग यशोदाबाईंनी शिकवले.

भाद्रपदात पाणी निवळले. एके सकाळी तात्या घरी चहा घेत असताना फोन वाजला. कुंदनचा आवाज कधी नव्हे तो हळू होता, जणू मोठ्याने बोलले तर काही उडून जाईल.

"काका, उथल पान्यात गोट्यांमदी कायतरी हाय. बोटाएवढं. मी अर्धा तास बघतोय, वर येऊन हवा पीत नाय."

"किती हायत?"

"मोजता येत नायत. हलतात सारके. ऊन लागलं की चमकतात."

यशोदाबाई दारातून त्यांच्याकडे पाहत होत्या. तात्यांनी पत्नीला फक्त मान डोलावून सांगितले, आणि यशोदाबाईंनी देवघराकडे वळून हात जोडले.

"काका, ऐकताव ना?" कुंदन म्हणाला. "पन माझा एकशे आठवा अजून नाय मिलाला."

"मंग बस तिथंच," वामनतात्या म्हणाले, आणि उरलेला चहा त्यांनी सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.